टीआय-८३ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरला जास्तीचे पोर्ट लावलेत, पावसाळ्यापासून वापरायलोय, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, परीक्षेसाठी हा खटाटोप करायलात तर सोडून द्या. जेईईला कॅल्क्युलेटरच चालत नाही, गेटला स्क्रीनवरचाच वापरावा लागतो, अन इंजिनिअरिंगच्या पेपरला प्रोग्रॅमेबल दिसला की सुपरवायझर बाहेर ठेवायला लावतो. इकडं परभणीत दुकानात ग्राफिंग कॅल्क्युलेटर मागा, तो कॅसिओची ९९१ काढून देतो. माझ्याकडं हा आला मावसभावाकडून, त्याचं तिकडं अमेरिकेत शिक्षण झालं अन हा ड्रॉवरमधी पडून होता. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणलं बघू काही प्रॅक्टिकलला कामाला येतो का.

मशीन म्हणाल तर १९९९ चं मॉडेल. झेड८० प्रोसेसर, ६ मेगाहर्ट्झ, स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांची, चार ट्रिपल ए सेल, अन खालच्या कडेला २.५ एमएमचा एक लिंक पोर्ट. बाहेरच्या जगाशी बोलायला एवढंच. त्यात तीन कॉन्टॅक्ट, टोकाची एक लाइन, मधल्या कड्याची एक लाइन अन ग्राउंड. दोन्ही लाइनी आतून रेझिस्टरनं ५ व्होल्टला वर ओढलेल्या असतात, ज्याला बोलायचंय त्यानं लाइन खाली ओढायची, समोरच्यानं दुसरी ओढून ‘मिळालं’ म्हणायचं, मग दोघांनी सोडायचं, असा एकेक बिट जातो. सप्लाय मात्र या पोर्टवर कुठंच नाही, अन माझी सगळी अडचण तिथंच होती. सेन्सर लावायचा म्हणलं की त्याला वेगळी बॅटरी, वेगळी वायर, टेबलावर नुसता गुंता.

म्हणून खोलला. स्क्रू टॉर्क्सचे आहेत, मोबाइल रिपेअरवाल्याकडं तो छोटा ड्रायव्हर असतोच. खोलताना डिस्प्लेकडं जाणारी पट्टी सांभाळा, ती ताणली की स्क्रीनवरच्या उभ्या रेघा गायब होतात. लिंक पोर्टच्या तीन सोल्डरच्या टाक्यांवरून बारीक वायरी काढल्या, सेलच्या प्लसवरून चौथी, तिच्यात एक १एन४००७ डायोड टाकला. नवे सेल भरले की ६ व्होल्ट असतात, डायोड पाऊण व्होल्टच्या आसपास खातो, म्हणजे पुढच्या सर्किटला साधारण सव्वापाच मिळतात अन बाहेरून सप्लाय आला तरी तो उलटा सेलमधी शिरत नाही. या चार वायरी दोन ठिकाणी नेल्या. एक बाजूच्या कडेला चार पिनांचा छोटा कनेक्टर सेन्सरसाठी, अन दुसरा पीएस/२ चा, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डचा, गोल सॉकेट, मेलेल्या मदरबोर्डवरचा जांभळा काढलेला. तो गोल सॉकेट आत मावत नाही हो, कितीबी कोरा, म्हणून वीतभर वायरीवर बाहेरच लोंबत ठेवला. दिसायला बेंगरूळ आहे पण चालतो.

कीबोर्डची गंमत अशी की पीएस/२ च्या क्लॉक अन डेटा लाइनीपण अशाच ओढायच्या-सोडायच्या पद्धतीच्या, तेबी ५ व्होल्टवर, त्यामुळं मधी कुठलीच चिप लागत नाही, सरळ जोडलं. बटण दाबलं की येणाऱ्या दर बाइटला ११ बिट असतात, स्टार्ट, आठ डेटा, पॅरिटी, स्टॉप, अन क्लॉक १० ते १६.७ किलोहर्ट्झच्या मधी. ६ मेगाहर्ट्झच्या झेड८० ला तेवढं झेपतं, फक्त त्या वेळात त्याला दुसरं काही करता येत नाही. स्क्रीनवर अक्षर काढायचं म्हणलं की प्रोग्राम क्लॉक लाइन खाली दाबून धरतो, कीबोर्ड गप बसतो अन पुढची बटणं स्वतःच्या बफरमधी ठेवतो. हे पहिल्यांदा चाललं तवा लई भारी वाटलं, पोरांनी तर वर्गात टाळ्या वाजवल्या.

पण खरं सांगू का, गेल्या कितीतरी दिवसांत कीबोर्ड लावलाच नाही. कारण तो फक्त मी असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहिलेल्या प्रोग्राममधीच चालतो. होम स्क्रीनवर असताना चुकून बटण दाबलं की सिस्टीमला वाटतं दुसरा कॅल्क्युलेटर काहीतरी पाठवायलाय, अन मशीन जरा वेळ अडकून बसतं. यूएसबी कीबोर्ड तर विसराच, ते जुने अडॅप्टर लावून पीएस/२ वर चालणारे असतात तेवढेच चालतात. अन कीबोर्ड सेलपण पितो, ट्रिपल ए मधी असा जीव किती असणार. लाइट गेल्यावर टायपिंग करू वगैरे स्वप्नं होती, तेवढ्यासाठी मोबाइल बरा.

खरा वापर झाला तो चार पिनांच्या पोर्टचा. तिथं अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, अन नॅनोला डीएस१८बी२० टेंपरेचर सेन्सर, तो स्टीलच्या नळीतला पाण्यात बुडवायचा. नॅनो कॅल्क्युलेटरला सांगतो की मी सीबीएल आहे, म्हणजे त्यांचं लॅबसाठीचं डेटा गोळा करायचं यंत्र, अन मग बेसिक प्रोग्राममधी साधी ‘गेट’ ही कमांड लिहिली की आकडा व्हेरिएबलमधी येऊन पडतो. एकच ध्यानात ठेवा, नॅनोच्या पिननं लाइन कधी हाय करायची नाही, खाली ओढायची नाहीतर इनपुट करून सोडून द्यायची.

याच्यावर आम्ही माठ मोजला. उन्हाळ्यात वऱ्हांड्यात एक माठ अन शेजारी तेवढंच पाणी भरलेली स्टीलची कळशी, आळीपाळीनं नळी बुडवायची, अन स्क्रीनवर ठिपके पडत जातात. कळशीचे ठिपके हवेच्या टेंपरेचरकडं चढत गेले अन माठाचे खाली उतरून तिथंच बसले. हाच प्रयोग पावसाळ्यात केला होता तवा दोन्हीत फरक जेमतेम, कारण हवेत आधीच ओल, माठ पाझरला तरी पाणी उडणार कुठं. पुस्तकातलं बाष्पीभवन पोरं पाठ करतात, इथं दोन्ही आलेख शेजारीशेजारी बघून एका पोरीनं विचारलं की सर मग मुंबईत माठ कामाचाच नाही का. असा प्रश्न मला फळ्यावर शिकवून कधी आला नव्हता.

चहाच्या कपावर न्यूटनचा कूलिंगचा नियमपण केला. तिथं आकड्यांतून खोलीचं टेंपरेचर वजा केल्याशिवाय एक्सपोनेन्शियल रिग्रेशन, म्हणजे ठिपक्यांवर घातांकी वक्र बसवणं, लावू नका, मे महिन्यात खोलीच ३८-३९ ला असते, वक्र शून्याकडं जातच नाही अन उत्तर भलतंच येतं.

तक्रारी म्हणाल तर, पोर्ट दोन दिसतात पण आतल्या सिग्नलच्या लाइनी त्याच दोन, त्यामुळं कीबोर्ड अन सेन्सर एकाच वेळी लावले की नुसता कचरा येतो. उन्हात स्क्रीन काळी पडते, ‘सेकंड’ नावाचं बटण दाबून खालचा बाण धरून ठेवा, कॉन्ट्रास्ट उतरतो. ऑनलाइन मागवलेले चार पिनांचे कनेक्टर ढिले निघाले, गावातल्या रेडिओ-टीव्हीवाल्याकडं मिळाले ते अजून घट्ट आहेत. सेन्सरचं एक रीडिंग पूर्ण अचूकतेनं घ्यायला पाऊण सेकंद जातो, माठाला चालतं, पेंडुलमसारख्या कामाला हे घेऊन बसू नका.

८४ प्लस असेल तर त्याला मिनी यूएसबी पोर्ट आधीच आहे, पण लिंक पोर्टची कथा तिथंबी तीच, सप्लाय नाही. वॉरंटीतला असेल तर खोलू नका. माझ्यासारखा पडून असलेला मिळाला तर फक्त चार पिनांचा पोर्ट करा, कीबोर्डच्या नादी लागायचं कारण नाही. माठाचा बेसिक प्रोग्राम कुणाला पाहिजे असेल तर देतो, पण लिंक केबल नसेल तर तो तुम्हाला कॅल्क्युलेटरची बटणं दाबूनच टाइप करावा लागेल.