लॉक लॅमोराची चोरटोळी: कुणी डोक्यावर घेतली, कुणी अर्ध्यात सोडली, तुम्ही काय करावं

स्कॉट लिंच या अमेरिकी लेखकाची पहिलीच कादंबरी, 'द लाइज ऑफ लॉक लॅमोरा', २००६ साली आली आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. तेव्हापासून फँटसी वाचणाऱ्यांत तिच्यावरून दोन तट आहेत. एका तटाला ती इतकी आवडते की ते ती पुन्हा पुन्हा वाचतात आणि भेटेल त्याच्या हाती देतात. दुसरा तट शे-दीडशे पानांनंतर पुस्तक मिटून ठेवतो. मला या मतभेदाचं कुतूहल आहे, कारण दोन्ही बाजू बहुतेक वेळा पुस्तकातल्या एकाच जागेवर बोट ठेवतात. एकजण जिथे हरखतो, नेमका तिथेच दुसरा वैतागतो. सुमारे पाचशे पानांचं पुस्तक हाती घ्यायचं असेल, तर ते चांगलं की वाईट यापेक्षा आपण कुठल्या तटातले हे आधी कळलेलं बरं. माझा कौल पहिल्या तटाला आहे, पण दुसऱ्याच्या दोन तक्रारी मला पूर्ण पटतात. त्या पुढे सांगेनच. शेवट फोडणार नाही.

गोष्ट कॅमॉर नावाच्या काल्पनिक शहरात घडते. कालवे, बेटं, पूल, नावा अशी व्हेनिसची आठवण करून देणारी रचना, आणि एका नामशेष झालेल्या प्राचीन जमातीने मागे ठेवलेले काचेचे अभेद्य मनोरे. सूर्य मावळला की ही काच काही वेळ आपली आपण उजळते. इथे लॉक नावाचा अनाथ पोरगा लहान मुलांकडून चोऱ्या करवून घेणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तावडीत सापडलेला असतो. पण याच्या उचापतींनी तो म्हाताराच जेरीस येतो आणि त्याला फादर चेन्स नावाच्या आंधळ्या पुजाऱ्याला विकून टाकतो. पुजारी आंधळा नसतो. देवळाच्या आडून तो एक छोटी टोळी घडवत असतो. पोरांना तो शिकवतो उमरावांचे शिष्टाचार, परक्या बोली, हिशेब, स्वयंपाक, वेषांतर आणि निरनिराळ्या देवांचे पूजाविधी. शहरातल्या सगळ्या टोळ्यांचा म्होरक्या कापा बार्सावी याने सत्ताधाऱ्यांशी गुप्त तह केलेला आहे: चोरांनी उमरावांना हात लावायचा नाही, शिपायांनी चोरांकडे काणाडोळा करायचा. मोठी झालेली लॉकची टोळी नेमकं उमरावांनाच लुटते, आणि ते खुद्द कापापासूनही लपवून ठेवते.

आधीचं आणि आत्ताचं, आलटूनपालटून

सगळ्यात मोठा मतभेद मांडणीवरून आहे. वर्तमानातल्या प्रकरणांच्या मधे मधे छोटे तुकडे येतात. कधी लॉकचं बालपण, कधी चेन्सची शिकवणी, कधी शहराचा एखादा जुना किस्सा. डाव रंगात आला की लेखक आपल्याला कित्येक वर्षं मागे नेतो.

नाराज वाचकांचं म्हणणं असं की यामुळे पकड सुटते. एखादं पात्र मरणाच्या दारात उभं असताना चोरांच्या देवाची किंवा एखाद्या गल्लीच्या इतिहासाची माहिती कुणाला हवी असते? वेगाने पुढे सरकणाऱ्या, एका सरळ रेषेतल्या कथानकांची सवय असेल, तर हे तुकडे अडथळ्यांच्या शर्यतीसारखे वाटतात. काहीजण चक्क ते गाळून पुढे जातात.

ज्यांना पुस्तक आवडलं, त्यांच्या मते पुस्तकाचा जीव याच तुकड्यांत आहे. टोळीतला जाँ टॅनन हा गोलमटोल, हिशेबात हुशार मुलगा. त्याला शस्त्रं शिकायला पाठवतात ते रक्त शोषणाऱ्या काचेच्या गुलाबांच्या बागेत. वाचताना तो नुसता विलक्षण प्रसंग वाटतो. पुढे जाँ खऱ्या लढाईत उतरतो तेव्हा त्या बागेतला घाम आपल्याला आठवतो आणि त्याचा प्रत्येक घाव आपण मोजायला लागतो. चेन्सच्या बाबतीतही तेच. त्याचं प्रेम कुठेही शब्दांत सांगितलेलं नाही. तो पोरांना जेवायला कसं बसवतो, चुकल्यावर शिक्षा कशी देतो, यातून ते झिरपतं. बालपण काढून टाकलं तर उरेल ती हुशार माणसांनी केलेली हुशार फसवणूक, आणि तिच्यासाठी कुणी रडणार नाही.

माझं मत पुस्तकाच्या पूर्वार्धाबद्दल पूर्णपणे पुस्तक आवडलेल्यांच्या बाजूचं आहे. उत्तरार्धाबद्दल मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्या पंक्तीला बसेन. तिथे काही तुकडे केवळ उत्कंठा ताणण्यासाठी घातलेत असं जाणवतं. पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला आपल्या शहराचा मोह आवरत नाही, आणि एका कसलेल्या संपादकाने त्यातले दोन-तीन तुकडे तरी उडवायला हवे होते.

काही घडत नाही की खूप घडतंय?

पहिल्या भागाचा मुख्य धागा एकच आहे. डॉन लोरेंझो साल्वारा आणि त्याची पत्नी डोना सोफिया या उमराव जोडप्याला धंद्याच्या आमिषाने गंडवायचं. लॉक दूरदेशीच्या एका नामांकित ब्रँडी घराण्याचा प्रतिनिधी बनतो. तिकडे यादवी पेटायची चिन्हं आहेत, त्याआधी साठा बाहेर काढायचा आहे, भांडवल हवंय, अशी त्याची कहाणी. ओळख व्हावी म्हणून तो भर गल्लीत स्वतःवरच खोटा हल्ला घडवून आणतो. कपडे, उच्चार, घाबरटपणा, मद्याची चव, सगळं ठरवून. या डावाला आतून आणखी एक पदर आहे. तो उलगडतो तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून मोठ्याने दाद दिली होती.

इथेच वाचक वेगळे होतात. डाव कसा रचला, कुठल्या खोट्याला कुठलं खरं टेकू म्हणून लावलं, हे पाहण्यात ज्याला आनंद आहे, त्याला ही पानं पुरत नाहीत. ज्याला धोका, शत्रू आणि काहीतरी पणाला लागलेलं हवं असतं, त्याला प्रश्न पडतो की एका श्रीमंताचे पैसे गेले तर माझं काय गेलं. लॉकच्या टोळीला पैशांची तशी गरजही नसते. तक्रार रास्त आहे. खरा शत्रू या काळात कडेकडेने फिरत असतो. 'ग्रे किंग' नावाचा कुणीतरी कापाची माणसं एकेक करून मारतोय, एवढंच कानावर येतं. त्याची सावली टोळीवर पडायला बरीच पानं जातात.

मधेच पालटणारा सूर

मला वाटतं, खरी फूट इथून पडते, जरी वाचक तिचं खापर वेगावर किंवा मांडणीवर फोडत असले तरी. पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्याचं नाव महत्त्वाकांक्षा, दुसऱ्याचं गुंतागुंत, तिसऱ्याचं उलगडा आणि चौथ्याचं, मराठीत सांगायचं तर, जिवावर उदार होऊन केलेली ऐनवेळची जुळवाजुळव. या नावांतच सगळा प्रवास आहे. सुरुवात होते ती खुसखुशीत ठगांच्या गोष्टीने. पुढे तिची सूडकथा होते, आणि ती सूडकथा फार क्रूर आहे.

चतुर चोरीची मजा घ्यायला आलेल्या वाचकाला हा विश्वासघात वाटतो. छळ, अंगावर काटा आणणारे मृत्यू, लहान वयाच्या पात्रांवर ओढवणारं संकट हे सगळं इथे आहे आणि लेखक नजर वळवत नाही. असं वाचणं तुम्हाला त्रासदायक होत असेल, तर पहिल्या दोनशे पानांच्या हसऱ्या सुरावर विसंबू नका. उलट, ज्यांना सुरुवात पोकळ चतुराईची वाटली होती, त्यांतल्या काहींसाठी पुस्तक इथेच सुरू होतं. लॉक आतापर्यंत खोटं बोलायचा ते खेळ म्हणून. आता त्याला तेच कसब वापरून जगायचं असतं, आणि हाताशी ना पैसा, ना वेळ. त्याची एका साध्या सुटासाठी चाललेली धडपड मला साऱ्या पुस्तकातला सगळ्यात सुंदर प्रसंग वाटतो. ज्याने हजारोंची संपत्ती तळघरात साठवली, तो एका कपड्यांच्या जोडासाठी जीव तोडतोय.

म्हणजे पहिल्या भागाचा कंटाळा येऊनही पुढे आवडणारे वाचक आहेत, आणि पहिल्या भागावर लुब्ध होऊन पुढे दुखावलेलेही आहेत.

भाषेबद्दल थोडक्यात. ही पात्रं फाटक्या तोंडाची आहेत. शिव्या भरपूर, आणि त्या आजच्या. काल्पनिक जुन्या जगात अशी बोली काहींच्या कानाला खटकते. मला ती रस्त्यावर वाढलेल्या पोरांच्या तोंडी शोभते, पण वर्णनांची भरगच्च, अलंकारिक भाषा आणि लगेच पुढच्या ओळीत शिवी हा धक्का सवयीचा व्हायला वेळ लागतो. जादू फार कमी आहे. कार्थेन शहराचे भाडोत्री जादूगार अफाट ताकदवान आणि अफाट महाग, एवढं कळलं की पुरे. जादूचे नियम, तिचं गणित यांची आवड असणाऱ्याला इथे फारसं काही मिळणार नाही.

सबेथा कुठे आहे?

ही माझी दुसरी पटलेली तक्रार. टोळीत सबेथा नावाची एक मुलगी आहे, लॉकचं तिच्यावर प्रेम आहे, हे आपल्याला वारंवार सांगितलं जातं. ती संपूर्ण कादंबरीत एकदाही समोर येत नाही. समर्थक म्हणतात, ती अनुपस्थिती मुद्दाम आहे, लॉकच्या मनातली पोकळी तशीच दिसायला हवी. हे मी मान्य केलं असतं, जर बाकीच्या स्त्रियांना पुरेशी जागा मिळाली असती. डोना सोफिया हुशार आहे, शार्कशी झुंजणाऱ्या जुळ्या बहिणी आहेत, आणि एक वृद्ध स्त्री तर अख्ख्या पुस्तकात लॉकची सगळ्यात तोलामोलाची प्रतिस्पर्धी ठरते. पण टोळीतलं प्रेम, थट्टा, शोक हे सगळं पुरुषांच्या वाट्याला आलंय, आणि एक स्त्री पात्र आवडायला लागतं न लागतं तोच कथानकाच्या सोयीसाठी दूर केलं जातं. हे खटकून ज्यांनी पुस्तक सोडलं, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

लॉक आणि जाँ यांच्या मैत्रीबद्दल मात्र पुस्तक न आवडलेले वाचकही सहसा वाईट बोलत नाहीत.

मग घ्यावं का?

फसवणुकीची कारागिरी पाहायला आवडत असेल, शहरात रेंगाळायला वेळ असेल आणि पुढे येणारा काळोख झेपणार असेल, तर बिनदिक्कत घ्या. निव्वळ हलकीफुलकी चोरी हवी असेल किंवा एका बैठकीत संपवायचं असेल, तर दुसरं काही शोधा. शंका असेल तर प्रस्तावनेचं प्रकरण आणि त्यापुढचा साल्वाराचा डाव त्याचा दुसरा पदर उलगडेपर्यंत वाचा. तिथेही ओठांवर हसू आलं नाही, तर पुढे रेटण्यात अर्थ नाही.

मालिकेची धास्ती असेल तर एवढं ध्यानात ठेवा. लिंचने सात पुस्तकं योजली होती. दुसरं २००७ मध्ये आलं, तिसरं थेट २०१३ मध्ये, आणि चौथ्याची प्रतीक्षा फार लांबली. आपल्या नैराश्याबद्दल लेखक स्वतः मोकळेपणाने बोलला आहे, त्यामुळे या विलंबावर चिडणं मला पटत नाही. पहिली कादंबरी स्वतःपुरती पूर्ण आहे, ती एकटी वाचली तरी काही अडत नाही. दुसरीचा शेवट मात्र टांगता आहे, तेव्हा ती उघडणार असाल तर तिसरी आधीच जवळ आणून ठेवा. सबेथाही तिथेच भेटते.