साइड ए संपायची, गाणं राहून जायचं

परवा चोर बाजारात मटण स्ट्रीटला एका टपरीसमोर उकिडवा बसून रेकॉर्डचा ढीग चाळत होतो. पंकज उधासांच्या दोन एलपींमध्ये दबलेलं एक बारा इंची कव्हर हाताला लागलं. ट्वेंटी फोर सेव्हन हा डान्स-ग्रुप, फीचरिंग कॅप्टन हॉलिवूड. 'आय कान्ट स्टँड इट'. दुकानदाराने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भाव बाराशे सांगितला. चूक माझीच. जुन्या बाजारात तोंड कोरं ठेवायचं असतं. घासाघीस करत सातशेला सुटलो. "साब, एक भी स्क्रॅच नहीं," हे वाक्य फुकटात मिळालं.

हे गाणं मी हजारदा ऐकलंय आणि पूर्ण एकदाही ऐकलेलं नव्हतं. कॉलेजात असताना संध्याकाळी दादरला एका कॅसेट रेकॉर्डिंगच्या दुकानात मी कामाला होतो. गिऱ्हाईक गाण्यांची चिठ्ठी आणि कोरी कॅसेट देऊन जायचं, आम्ही भरून द्यायचो. पायरसी हा शब्द आमच्या गल्लीत तेव्हा पोचला नव्हता. सिक्स्टीची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. चिठ्ठीवरच्या गाण्यांची बेरीज सत्तावीसच्या आसपास आली की उरलेल्या तुकड्यात काय टाकायचं ते मालक माझ्यावर सोडायचे, आणि मी हेच टाकायचो. गणपतीच्या आधी तर डान्सच्या कॅसेटींची रांग लागायची. प्रत्येक साइड ए च्या शेवटी बाईचा आवाज येणार, पुरुषाचं रॅप सुरू होणार आणि खट्! बटण वर. त्यामुळे माझ्या डोक्यात हे गाणं तिथेच संपतं. दुकानात आमच्याकडे जी मास्टर कॅसेट होती तीसुद्धा दुबईहून कुणीतरी भरून आणलेली, शेवट कापलेली.

गाणं १९९० चं. ग्रुप नेदरलँड्सचा, निर्माता रुड व्हान रायन. गाणारी नॅन्स आणि रॅप करणारा कॅप्टन हॉलिवूड. हा मूळचा अमेरिकन, न्यू जर्सीचा. अमेरिकन लष्करातून जर्मनीत आला, तिथेच डान्सर म्हणून नाव काढलं. याआधी एमसी फिक्स इट नावाच्या रॅपरबरोबर या गाण्याची एक आवृत्ती होऊन गेली होती. कॅप्टनला घेऊन पुन्हा केली तेव्हा ते ब्रिटनच्या यादीत सातव्या नंबरपर्यंत चढलं. विकत घेणार असाल तर लेबलावर कॅप्टनचं नाव आहे का ते आधी बघा.

घरी आणून लावली तर आतून रेडा गायला लागला. बाईचा आवाज बाप्याचा, ठेका प्रेतयात्रेचा. कुणीतरी चुकीची रेकॉर्ड कव्हरात कोंबली असं वाटून मी त्या दुकानदाराला शिव्या घालायला सुरुवातही केली होती. मग लेबल वाचलं. रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची आहे आणि माझा टर्नटेबल एलपीच्या तेहतीसवर. एलपी ऐकणाऱ्याच्या हाताची सवय! स्पीड बदलला आणि १९९१ साल खोलीत आलं.

आता ऐकण्याबद्दल. अशा बारा इंची सिंगलवर एलपीपेक्षा एका बाजूला गाणी मोजकी, त्यामुळे खाचांना ऐसपैस जागा मिळते, आणि स्पीडही जास्त. बेसला हातपाय पसरता येतात. कॅसेटवर जो 'धब' होता तो इथे 'ढूम' आहे आणि त्याच्या मागे चक्क एक शेपूट आहे, जे मी पस्तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या कॉपीत असलं काही उरत नाही. उरायची ती सरसर.

हे गाणं हिप-हाउस प्रकारातलं. हिप-हाउस म्हणजे शिकागोच्या हाउस या इलेक्ट्रॉनिक डान्स संगीताच्या ठेक्यावर रॅप. ऐकायला सोपं, जमवायला कठीण, कारण रॅपवाला सहसा ठेक्याच्या मागे रेंगाळतो आणि हाउस कुणासाठी थांबत नाही. कॅप्टन धावत्या लोकलमध्ये चढल्यासारखा चढतो. आधी दोन पावलं बरोबरीने धावतो, मग दांडी पकडतो. बहुधा मुळात नाचणारा माणूस असल्यामुळे त्याला हे जमतं. शब्दांत मात्र फार काही नाही, तिथे जीव शोधू नका.

आणि नॅन्सच्या वाट्याला काय, तर मला हे सहन होत नाही, एवढी तक्रार. ती इतक्या आनंदात करते की आठ चाळीसच्या फास्टमध्ये दारात लटकून "असह्य झालंय रे" म्हणत हसणारी आपली माणसं आठवतात. मला वाटतं, गाणं इथे चाललं ते त्यामुळेच. आमच्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांना शब्द कळत नव्हते. चिठ्ठीवर 'आकाँस्टाडी' असं लिहून आणलेलं मी स्वतः वाचलंय.

शेवटाबद्दल लिहायला हवं, त्यासाठी तर सातशे घातले. रॅप सुरू झालं की माझं बोट आपोआप बटणाकडे जातं, ते आवरलं. गाणं चालूच राहिलं. ती परत आली, तो परत आला, आणि पुढे काही थोर घडत नाही. अशा रेकॉर्डी डीजेसाठी लांबवलेल्या असतात, एकातून दुसरीत सरकायला जागा हवी म्हणून. घरच्या खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला तो भाग पाणी घातलेल्या आमटीसारखा लागतो. खरं सांगायचं तर माझी कापलेली आवृत्ती जास्त नेटकी होती. तरी पहिल्या दिवशी मी ती सलग चार वेळा लावली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे युट्यूबवर आहे." बायको काही बोलली नाही, पण पोळ्या लाटताना लाटणं ठेक्यावर पडत होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

आणि हो, स्क्रॅच आहे. सुरुवातीलाच, अंगठ्याएवढा. दर फेरीला टक् होतं, पहिल्या मिनिटानंतर जातं.

या कॅप्टनने पुढे स्वतःचा वेगळा ग्रुप काढला, १९९२ चं त्याचं 'मोअर अँड मोअर' जर्मनीत पहिल्या नंबरावर गेलं. ती कॅसेट मी भरेपर्यंत दुकानात सीडी आल्या होत्या आणि मला नोकरी लागली होती. तिचं बारा इंची मला नको. मला एमसी फिक्स इटवाली जुनी आवृत्ती हवीय. पुढच्या वेळी दिसली तर तोंड कोरं ठेवणार आणि तीनशेपासून सुरुवात करणार.