मांडवीतलं जहाज की हॉटेलातला कसिनो?

गोव्यात कसिनो दोन जातींचे. पणजीला मांडवीत नांगरलेली जहाजं आणि किनाऱ्यावरची पंचतारांकित हॉटेलं. फरक कायद्यातूनच आला. 1976 च्या जुगारबंदी कायद्यात 1992 साली दुरुस्ती होऊन हॉटेलांना स्लॉट मशीनची मुभा मिळाली. पत्ते, रुलेट (आकड्यांचं फिरतं चाक) असे टेबलावरचे खेळ 1996 च्या दुरुस्तीने फक्त जहाजांवर आले.

म्हणून खरा डीलर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, आणि टेबलाभोवतीची गर्दी हवी असेल तर जहाजच. धक्क्यावरून फेरीबोटीने जायचं. प्रवेशाच्या पैशात बहुधा जेवणखाणही येतं. पण परत यायचं तेही बोटीनेच, म्हणजे मनात आलं आणि उठलो असं होत नाही. हॉटेलात खेळ यंत्रांवर, वातावरण जरा निवांत, आणि खोली दोन मजले वर. मला विचाराल तर एकदा बघायला जहाज, तेही जेवणासाठी!

गणित मात्र दोन्हीकडे कसिनोच्याच बाजूचं. एका शून्याच्या रुलेटमध्ये घरं 37, पण आकडा लागला तर लावलेले पैसे परत आणि वर 35 पट, एवढंच मिळतं. त्या फटीतून सरासरी शंभराला 2.70 रुपये मालकाकडे जातात. दोन शून्यांचं चाक दिसलं तर 5.26.