घरी येऊन घेतलेलं मत : ९६ वर्षांच्या आजेसासूबाईंचा अनुभव

मे २०२४ च्या लोकसभेला आमच्या मोठ्या मायचं मत हुकलं. ७ मेला लातूरचं मतदान होतं. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन, आणि त्यांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम चार महिने झालेले. खुर्चीत बसवून न्यायचं म्हटलं तरी गल्लीचा चढ आणि वर शाळेच्या पायऱ्या. घरून मत देण्यासाठी अर्ज करायचा असतो हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, निवडणुकीचं प्रशिक्षण दर वेळी घेणारी. माझ्याच घरात असं व्हावं याचं मला फार लागलं. मोठी माय दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री पाय चेपत होते तेव्हा म्हणाल्या, "बावन सालापसून एकडाव बी चुकलं न्हवतं."

म्हणून नोव्हेंबरच्या विधानसभेला ही सेवा आम्ही ठरवून घेतली. ज्यांच्या घरी इतकं वय झालेलं माणूस आहे त्यांच्यासाठी लिहिते.

मोठी माय म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी. गाव उदगीर तालुक्यात. मतदार यादीप्रमाणे वय ९६. लग्न होऊन ज्या वाड्यात आल्या त्याच वाड्यात आजवर राहिल्या. पण त्यांच्या मताचा पत्ता किती वेळा बदलला! १९५२ ला त्यांनी पहिलं मत दिलं ते हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी. आमचा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदरमधले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बाकीच्या मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात गेलो. १९५७ चं मत त्या मोठ्या द्वैभाषिक विधानसभेसाठी, जिच्यात गुजरात, सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंतचे ३९६ आमदार बसत. १९६२ ला महाराष्ट्राची पहिली निवडणूक झाली, तिच्यात २६४ जागा. दहा वर्षांत तीन राज्यांच्या विधानसभा, आणि उंबरा एकच. लातूर जिल्हा झाला तो पुढे १९८२ ला.

आता सेवेबद्दल.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि २२ ला अधिसूचना निघाली. अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी आणून देतात. आमच्याकडे हे काम एका अंगणवाडीताईकडे आहे. त्या दिवाळीच्या साफसफाईत आल्या, ओट्यावर बसून अर्ज भरून घेतला, मोठ्या मायची सही घेतली आणि पोचही दिली. त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावून सांगितली, तुम्हीही लक्षात ठेवा. घरून मत देण्याचा अर्ज एकदा मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. यादीत नावापुढे टपाली मताची खूण होते. त्यामुळे आधी अर्ज करू आणि बरं वाटलं तर चालत जाऊ, असं मनात धरू नका.

उमेदवारी मागे घेण्याची तारीख ४ नोव्हेंबर होती. त्यानंतरच मतपत्रिका छापल्या जातात, म्हणून पथक घरी येतं ते मतदानाच्या थोडं आधी. आमच्याकडे येण्याचा दिवस आधी कळवला होता. पहिल्या खेपेला मतदार घरी सापडला नाही तर एकदा परत येतात, तेव्हाही नसेल तर मत गेलं. दवाखान्याची तारीख वगैरे असेल तर त्या हिशेबानं बघा.

सकाळी दहाच्या सुमाराला जीप आली. दोन मतदान अधिकारी, एक सूक्ष्म निरीक्षक, व्हिडिओ काढणारा एक मुलगा आणि पोलीस. मोठ्या माय पहाटेच नाहून इरकल नेसून तयार होत्या. आलेल्या लोकांना त्यांनी आधी पाणी द्यायला लावलं. अधिकारी वयानं माझ्याएवढे असतील, पण बोलायची रीत फार चांगली. कागद पुढे करण्याआधी खाटेशेजारी बसले, ओळखपत्र पाहिलं, आणि आज काय काय होणार ते मोठ्या आवाजात, घाई न करता सांगितलं. मग पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा काढून स्टुलावर उभा केला.

आडोसा बघून मोठ्या मायनी विचारलं, "आन् पेट्या?"

ते गोंधळले. मला माहीत होतं त्या काय विचारतायत. पहिल्या दोन निवडणुकांत मतपत्रिकेवर खूण करायचीच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि पेट्या सगळ्या पडद्यामागं. कोरा कागद हातात घेऊन आत जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकून यायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला मत देता यावं म्हणून केलेली ही सोय होती. शिक्का मारायची पद्धत नंतर आली, २००४ ला यंत्र, त्यानंतर चिठ्ठी दाखवणारं यंत्र. मोठ्या मायनी हे सगळं वापरलंय. पण त्या सांगतात ती नेहमी बावन सालचीच गोष्ट.

आजोबांनी वाटेत तीनदा बजावलं होतं, कुठल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा ते. बैलगाडीत पुढं बायका, मागं पुरुष. शाळेत गेल्यावर पडद्याच्या आत एकेकच सोडत होते. मोठ्या माय म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदा त्या कुठल्याशा खोलीत एकट्या उभ्या होत्या. सासू नाही, जाऊ नाही, नवरा नाही. कागद त्यांनी कुठल्या पेटीत टाकला ते आजोबा जाईपर्यंत विचारत राहिले. त्यांनी सांगितलं नाही. आम्हालाही नाही.

हे इतकं सांगायचं कारण असं की या सेवेचं खरं मोल मला त्यानंतरच्या पाच मिनिटांत कळलं. माझे चुलत सासरे खाटेच्या उशाशीच उभे होते. चांगले आहेत, मायची सेवाही करतात. ते सहज म्हणाले, "माय, दे हिकडं, मी दाखवतो कुठं करायची खूण." नियमात मदतनिसाची तरतूद आहे. दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर सोबतच्या सज्ञान माणसाकडून खूण करून घेता येते. पण अधिकाऱ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलंच नाही, मोठ्या मायकडे पाहिलं. "आजी, तुम्हाला स्वतःला करता येईल का?"

"मला वाचाया येतंय," मोठ्या माय म्हणाल्या.

मग अधिकाऱ्यांनी सगळ्या घराला बाहेर काढलं. सासऱ्यांना, माझ्या नवऱ्याला, दारात घुटमळणाऱ्या पोरांना आणि मलाही. व्हिडिओ काढणाऱ्या मुलाला आडोशाच्या मागच्या बाजूला उभं केलं, म्हणजे कागद कॅमेऱ्यात येऊ नये. आम्ही अंगणात उभे होतो. आत कितीतरी वेळ काहीच आवाज नव्हता. मोठ्या माय बोट ठेवून वाचतात, त्यांना वेळ लागतो.

केंद्रावर माणूस आपोआप एकटा होतो. घरी तसं होत नाही. घरात मुलगा असतो, सून असते, औषधाचे पैसे देणारा असतो. बाहेरच्या दबावापासून मत राखायला पोलीस आहे, पण घरच्यांपासून राखायला त्या खोलीत फक्त तो अधिकारी असतो. आमच्याकडे तो खमक्या होता म्हणून हे नीट झालं. माझं म्हणणं असं आहे की घरच्यांना बाहेर काढणं हे अधिकाऱ्याच्या स्वभावावर राहू नये. पथक दारात आल्याबरोबर पहिलं वाक्य तेच असावं, आणि मदतनीस लागतो का हे मतदाराला एकटं असताना विचारावं.

खूण झाल्यावर पत्रिका लहान पाकिटात. ते पाकीट आणि सहीचं घोषणापत्र मिळून मोठ्या पाकिटात. मोठं पाकीट त्यांच्यासमोर चिकटवलं. मी ड्यूटीवर असल्यानं माझं मतही टपालीच होतं, पाकिटांचा हा खेळ मला पाठ आहे. मोठ्या मायना मात्र पाकिटावर विश्वास बसेना. पेटीत टाकलेलं त्यांना खरं वाटतं. अधिकाऱ्यांनी सोबत आणलेल्या पेटीत पाकीट त्यांच्याच हातानं टाकू दिलं तेव्हा समाधान झालं.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत त्या.

वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ केली. लोकसभेच्या तोंडावर हे केलं. आमच्या भागात ८० च्या पुढचा किती शेतकरी गुडघ्यांनी धड चालतो? उन्हात रांगेत उभं राहणं त्याच्यानं होत नाही. दुसरी वाट ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची. आमच्या शेजारचे काका ७९ वर्षांचे, अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणावर. वय बसत नाही आणि प्रमाणपत्र काढलेलं नाही, कारण ते काढायला त्यांनाच उचलून न्यावं लागतं. त्यांचं मत दोन्ही वेळेला गेलं. आणि पाच दिवसांची मुदत फार तोकडी आहे. ऐन दिवाळीत, सोयाबीनच्या राशी पडलेल्या असताना खेड्यात कोण अधिसूचनेची तारीख लक्षात ठेवतं?

तरी मी या सेवेला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण या मुदतीचा आणि वयाचा कापला.

मोठ्या मायच्या जन्माच्या वेळी या भागात सामान्य बाईला मत हा शब्दच नव्हता. शेजारच्या मुंबई प्रांतात १९३७ ला कायदेमंडळाची निवडणूक झाली तेव्हाही मत जमीन, कर, शिक्षण बघून मिळत होतं. आमच्याकडे निजामाचं राज्य. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आधी लष्करी कारभार, मग दिल्लीनं नेमलेले मुख्यमंत्री. १९५२ ला १७५ जागांची विधानसभा निवडली गेली आणि बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. त्या मतदानात निरक्षर शेतमजूर बाई आणि देशमुख यांचं मत एकाच वजनाचं होतं. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडले जात, त्यातली एक जागा राखीव. १९६१ च्या कायद्यानं ते बंद झालं. आज उदगीरची जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, विधानसभेत २८८ आमदार आहेत आणि त्यात मराठवाड्याचे ४६. मोठ्या मायना हे आकडे ठाऊक नाहीत. त्यांना आठवतं ते एवढंच, की १९५२ ला रांगेत त्यांच्यापुढं त्यांच्याच शेतात खुरपायला येणारी बाई उभी होती आणि तिला मागं सरक असं कुणी म्हणालं नाही.

२३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. सकाळी आठला आधी टपाली मतं मोजायला घेतात असं मी सांगितल्यावर मोठ्या माय साडेसातलाच टीव्हीसमोर येऊन बसल्या.

शेजारच्या काकांच्या प्रमाणपत्राचं आम्ही मनावर घेतलंय. त्यांच्या मुलानं ऑनलाइन अर्ज केला आहे, तपासणीची तारीख आली की आमच्याच गाडीतून नेणार आहोत. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, प्रमाणपत्राला वेळ लागतो. अर्जाबद्दल काही विचारायचं असेल तर १९५० या क्रमांकावर फोन लागतो.