मिनिटं कुठून मोजायची? विषाणू-तपासणीची नवी चिप, पीसीआर आणि पट्टी

'काही मिनिटांत विषाणू ओळखणारी चिप' अशी बातमी वाचून तालुक्याच्या लॅबवाल्याचे हात शिवशिवणारच. पण आधी विचारा, मिनिटं कुठून मोजलीत? स्वॅब नळीत पडल्यापासून, की धुऊनपुसून स्वच्छ केलेला थेंब चिपवर ठेवल्यापासून?

कल्पना मात्र देखणी आहे. दोन इलेक्ट्रोडमध्ये 10 मायक्रॉनची फट ठेवली, तर 10 व्होल्टनेही मीटरला 10 लाख व्होल्ट इतकं तीव्र क्षेत्र तयार होतं. ते असमान असलं की कण एका जागी ओढले जातात. याला डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. मग त्या ढिगावर लेझर टाकून रामन वर्णपट घ्यायचा, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगांवरून त्या पदार्थाची खूण टिपायची. 1928 साली कोलकात्यात सापडलेला हा रामन परिणाम मुळात फारच क्षीण, पण चांदी-सोन्याच्या नॅनोकणांजवळ तो लाखो पटींनी वाढतो. थोडक्यात, गोळा वीज करते, ओळख प्रकाश पटवतो. प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) लागत नाही, रंगद्रव्य लागत नाही.

घोडं पेंड खातं ते आकारापाशी. ओढणारं बल त्रिज्येच्या घनावर अवलंबून असतं. एक मायक्रॉनच्या जिवाणूपेक्षा 100 नॅनोमीटरच्या, म्हणजे दहापट लहान, विषाणूवर ते हजार पटींनी कमी. त्यात स्वॅबचं द्रावण खारट: वीज वाहते, थेंब तापतो, बुडबुडे येतात. शेंबडातली प्रथिनंही आपला वर्णपट मिसळतात. म्हणून नमुना आधी धुवायचा, विरळ करायचा, आणि वाचवलेली मिनिटं तिथेच जातात. शिवाय ओळख पटवायला आधीच जमवलेल्या वर्णपटांचा साठा हवा.

आरटी-पीसीआर हळू खरी, पण विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती प्रत्येक फेरीत जवळपास दुप्पट होत असल्याने मोजक्या प्रतीही सापडतात. विषाणूची प्रथिनं ओळखणाऱ्या अँटिजेन पट्टीला यंत्र नको, अर्ध्या तासात निकाल. पण निगेटिव्हवर विसंबू नये. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, आयसीएमआरनेच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) लक्षणं असलेल्या निगेटिव्ह रुग्णांची पीसीआर करायला सांगितलं होतं.

लॅबसाठी विचाराल तर माझं मत गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटसारख्या चिपवरच्या पीसीआरला. बॅटरीवर चालते, साधारण तासाभरात निकाल देते. कॉलेजात रामन यंत्र आणि हौशी विद्यार्थी असतील तर मात्र नवी पद्धत जरूर हाती घ्या, संशोधनाला भरपूर वाव आहे.

तरीही विक्रेता दारात आलाच, तर त्याला खाऱ्या नळीतला, न धुतलेला स्वॅब द्या आणि घड्याळ स्वतःच्या हातात ठेवा.