ओबीएमसाठी घेतलेलं कॉम्प्रेशन गेज, वर्षभरानंतर: घड्याळ चांगलं, नळी बदमाश

ज्यांच्या घरी, बोटीवर किंवा माझ्यासारखं सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, पडलेलं आहे, त्यांना सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज कशाला लागतं हे सांगत बसत नाही. ऑनलाइन ९४० रुपयांना घेतलं. लाल खोकं, पीएसआय आणि किलो अशा दाबाच्या दोन्ही आकड्यांचं घड्याळ (डायल), ४० सेंटिमीटरची रबरी नळी, स्पार्क प्लगच्या भोकात बसवायचे दोन-तीन अडॅप्टर. बाजारात याच तोंडवळ्याची डझनभर गेजं वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आणि मला वाटतं सगळी एकाच साच्यातून निघतात. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता, तोही खोक्याला.

बडोद्यात कारेलीबागेतल्या लोकांना ओबीएम कशाला, असं बाहेरगावचे विचारतात. बडोदेकर विचारत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, आमचा तळमजला पाण्यात, वीज नाही, दूध नाही, आणि रस्त्यावर मगर दिसल्याचे व्हिडिओ आजूबाजूच्या प्रत्येक सोसायटीत फिरत होते. पाणी ओसरल्यावर वर्गणी काढली. आधी लाइफ जॅकेट घेतली, कारण जानेवारीत हरणी तलावात बोट उलटून झालेल्या दुर्घटनेनंतर त्याशिवाय बोटीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. मग फायबरची छोटी होडी, आणि भरूचकडच्या एका मच्छीमाराकडून जुनं १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जपानी मशीन. खजिनदार मी. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा की प्रत्येक रुपयाचा हिशोब मला ग्रुपवर द्यावा लागतो, आणि ग्रुपवर जोशीकाका आहेत.

मशीन पिंपात बुडवून चालवलं तर चालायचं, पण दोरी ओढून खांदा निखळायचा. ओळखीतून आलेल्या मिस्त्रीने प्लग काढले, भोकावर अंगठा ठेवला, दोरी ओढली आणि निकाल दिला, "कंप्रेशन बेसी गयुं छे, साहेब. बेऊ सिलिंडर." म्हणजे दोन्ही सिलिंडरांचा दाब बसलाय. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठं करणं), दोन ओव्हरसाइज पिस्टन, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, मजुरी मिळून अठरा हजार. मशीनच आम्ही बावीसला घेतलेलं. अंगठ्याच्या भरवशावर अठरा हजारांचा ठराव सोसायटीत पास होत नाही, म्हणून गेज मागवलं.

मोजताना काय करायचं ते एकदाच सांगतो, कारण खोक्यातल्या कागदावर जे छापलंय ते चारचाकीसाठी आहे. मशीन थोडं गरम असू द्या. दोन्ही प्लग काढा, फक्त मोजायचा तेवढाच नाही. प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा आणि किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) क्लिप काढून ठेवा. वायरी लोंबत ठेवून दोरी ओढली तर सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, धोका, आणि भोकातून पेट्रोलची वाफ येत असते ती वेगळीच. थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. न्यूट्रलमध्ये बऱ्याच टिलरवाल्या (हाताच्या दांड्याने वळवायच्या) मशीनची मूठ पूर्ण फिरत नाही, तेव्हा कार्बोरेटरचं फुलपाखरू (आतली गोल झडप) हाताने उघडून धरायला भाचा बोलवा. मग काटा चढायचा थांबेपर्यंत सारख्या जोराने दोरी ओढा.

आकडे आले ७२ आणि ७० पीएसआय, कमीच. मिस्त्री खूश. मीही जवळजवळ पटवून घेतलं होतं, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. झिजलेलं इंजिन इतकं शिस्तीत झिजत नाही. एक सिलिंडर जास्त गरम झालेलं असतं, एकाची रिंग आधी जाते. दोघं शेजारी-शेजारी असून दोघांचंही सारखंच खाली असेल तर मधलं हेड गॅस्केट (सिलिंडरच्या डोक्याखालचं सील) हा एक संशय, आणि दुसरा संशय मोजणाऱ्यावर. म्हणून आधी घड्याळ तपासलं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला लावलं, त्याच्या मीटरवर ६०, माझ्या काट्यावर ५९. घड्याळ सज्जन निघालं.

राहिली नळी. आणि इथून पुढे माझा या गेजवरचा सगळा राग एका पिनेवर आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद सोडा.

गेजच्या नळीत टायरच्या व्हॉल्व्हसारखी एक बारीक पिन असते. दाब आत जातो, परत येत नाही, म्हणून काटा वर अडकून राहतो. ही पिन नळीच्या प्लगकडच्या टोकाला हवी. माझ्या गेजमध्ये ती वर, घड्याळाखालच्या कपलिंगमध्ये होती. खालच्या टोकाला पिनेसाठी आटे पाडलेली जागा होती, पण रिकामी. याने फरक काय पडतो? औषधाच्या सिरिंजने नळीत पाणी भरून पाहिलं, साधारण ८ मिली मावलं. आता माझं एक सिलिंडर सव्वाशे सीसीच्या आतलं. पिस्टन वर आला की डोक्यात उरते ती जागा जेमतेम वीस सीसीची. त्यात नळीची ८ सीसी मोकळी जागा जोडली की पिस्टनला तीच हवा जवळपास दीडपट मोठ्या खोलीत दाबायची असते, आणि प्रत्येक फेरीला नळीतली हवा परत सिलिंडरमध्ये येते. काटा वर जाणार कसा? कारच्या चारशे-पाचशे सीसीच्या सिलिंडरवर हेच गेज लावलं तर फरक कमी दिसतो, म्हणून रिव्ह्यूमध्ये गाडीवाले पाच स्टार देऊन जातात. छोट्या ओबीएमवर तेच गेज चांगल्या इंजिनाला म्हातारं ठरवतं.

पंक्चरवाल्याकडून दहा रुपयांची पिन घेऊन टोकाला बसवली. आकडा ९० च्या वर गेला. पण टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक असते, ती ढकलायलाच दाबाचा काही भाग जातो. गेजसाठी मऊ स्प्रिंगची वेगळी पिन येते. तीही मागवली, आणि आता बसा: १०४ आणि १०२. त्याच मशीनवर, त्याच भाच्याच्या हाताने. अठरा हजारांचं बोअरिंग एका पिनेने वाचलं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "प्रॉडक्ट इज ॲज पर पिक्चर." चित्रात टोक खोक्याच्या कप्प्यात लपलंय. मी नळीचा, सिरिंजचा, दोन्ही रीडिंगचा फोटो पाठवला. त्यांनी शंभर रुपयांचं कूपन देऊ केलं, पुढच्या खरेदीवर. पुढची खरेदी त्यांच्याकडे करेल तो वेगळा माणूस. जोशीकाकांचं म्हणणं, कूपन घेऊन ठेवायचं होतं.

कुठला आकडा चांगला मानायचा, यावरही थोडं. मॅन्युअलमधला आकडा पेट्रोलच्या मॉडेलचा आहे की रॉकेलच्या, हे आधी बघा. आपल्या किनाऱ्यावरची पुष्कळ जुनी मशीनं रॉकेलवर चालणारी आहेत, पेट्रोलवर सुरू करायची आणि मग रॉकेलवर टाकायची. रॉकेल दाबाखाली लवकर आपोआप पेटून ठोके देतं म्हणून त्या मॉडेलचं कॉम्प्रेशन कारखान्यातूनच कमी ठेवलेलं असतं. तिथे पेट्रोलवाल्याचा आकडा शोधत बसलात तर चांगलं इंजिन उघडून बसाल. इंदूर-पुण्याकडे, साडेपाचशे मीटर उंचीवर, हवाच पातळ असते, काटा पाच-सहा टक्के खाली दिसतो. बडोद्यात ही सबब चालत नाही, आपण समुद्राला लागूनच असल्यासारखे. शिवाय दोरी कोण ओढतोय त्यावरही चार-पाच पॉइंट हलतात. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक बघायचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर झोपा. पंधराच्या वर गेला की खरं काहीतरी आहे.

इथपर्यंत मी दोन स्टारवर आलो होतो. मग पावसाळा संपला.

पावसाळाभर देवाच्या दयेने बोट लागली नाही, मशीन झाकून ठेवलं होतं. नवरात्रात बाहेर काढलं तर संथ गतीवर धरेना, बंद पडे. दोरी ओढतानाच कळत होतं. आधी हाताला दोन ठोके लागायचे, एक-एक करून, आता एक ठोका आणि मग नुसतंच सरकल्यासारखं. मिस्त्रीला बोलवायच्या आधी गेज लावलं. वरचं १०२. खालचं ६४.

इथे मात्र या गेजने पैसे फेडले. टोकाला पिन बसलेली असल्यामुळे ६४ हा आकडा मी डोळे मिटून मानला, आणि मागचे आकडे वहीत असल्यामुळे पडलंय कोण हेही कळलं. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडलं, दोन-तीनदा दोरी ओढून ते पसरू दिलं आणि परत मोजलं: ९३. तेलाने फट बुजली आणि दाब वाढला, म्हणजे गळती रिंगांतून. टू-स्ट्रोकवर ही चाचणी फसवते असं म्हणतात आणि ते बरोबर आहे, कारण तेलाने डोक्यातली जागाही भरते आणि चांगल्या सिलिंडरचाही आकडा वाढतो. म्हणून तेवढंच तेल वरच्या चांगल्या सिलिंडरमध्येही टाकून बघितलं. ते १०२ वरून ११० ला गेलं. खालच्याची उडी एकोणतीसची, वरच्याची आठची. हेड गॅस्केट असतं तर खालच्याने तेल टाकून एवढी उडी मारली नसती.

एवढ्यावरही पिस्टन खरचटलाय की रिंग फक्त काजळीत अडकलीय हे कळत नाही, आणि पैशांचा सगळा फरक तिथेच आहे. मोबाइलला लागणारा बारीक एंडोस्कोप कॅमेरा शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून आणला आणि प्लगच्या भोकातून आत सोडला. पिस्टनच्या डोक्यावर डांबरासारखा काळा थर, मधेच एका बाजूला पापुद्रा निघालेला. भिंत मात्र गुळगुळीत. उभे ओरखडे नाहीत, ॲल्युमिनियमचे चंदेरी डाग नाहीत. पाणी न मिळून तापलेल्या इंजिनात ते दिसतात. म्हणजे रिंग खोबणीत चिकटलेली. मच्छीमाराकडे रॉकेलवर वर्षानुवर्षं चाललेलं, मग आमच्याकडे पडून राहिलेलं, थर सुकून घट्ट झाला.

कार्बोरेटर क्लीनर आणि पातळ तेल प्लगच्या भोकातून सोडून रात्रभर मुरवत ठेवलं. पिस्टन मधे उभा ठेवा, म्हणजे वरून टाकलेलं रिंगेपर्यंत उतरतं. सकाळी दोरी हळू ओढून घाण बाहेर काढली. प्लग न लावता ओढा, आत द्रव साठलेला असताना प्लग लावून जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग पिंपात चालवलं. धूर इतका झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खाली येऊन विचारलं, "अहो, फायर ब्रिगेडला फोन करू का?" ८१ झालं. हेच परत करत राहिलो, आणि शेवटी ९८ वर थांबलं. वरचं १०२. चार टक्के. मशीन संथ गतीवर पिंपात उभं राहतं आणि भाच्याची बहीणसुद्धा दोरी ओढून सुरू करते.

मिस्त्रीला ९८ दाखवलं. त्याने स्वतः अंगठा ठेवून पाहिला आणि म्हणाला, "हवे सारुं छे." आता चांगलं आहे. पैसे मागितले नाहीत, चहा घेतला.

गेजच्या बाकीच्या गोष्टी पटकन. दाब सोडायचं बटण पहिल्या काही महिन्यांतच जाम झालं, आता पिनेला टोचून हवा सोडतो. रबरी ओ-रिंग पेट्रोल लागून फुगते, दोन जादा ठेवा. लांब अडॅप्टर या मशीनला वापरू नका: आमचा प्लग बी७एचएस, त्याच्या आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, आणि लांब अडॅप्टर १९ चा. तो आत डोकावतो, पिस्टनला लागू शकतो. छोटा लावा. काच पावसाळ्यात आतून धुरकट होते, काटा दिसतो, चालतंय.

मशीन हातात असलेल्यांसाठी दोन गोष्टी. स्कूटरचं टू-टी ऑइल टाकू नका. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं लागतं, ते राखविरहित असतं आणि रिंगांपाशी थर कमी धरतं. महाग आहे, बडोद्यात सहज मिळत नाही, मी भरूचहून मागवतो. आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ठेवून मशीन झाकू नका. पाणी ओढतं, जुने रबर फुगवतं. बंद करायच्या आधी पेट्रोलची नळी काढून इंजिन स्वतःहून विझेपर्यंत चालवा.

तर स्टार: साडेतीन, पिन स्वतः बसवणार असाल तर. नसाल तर घेऊ नका. दुकानात घेत असाल तर नळी हातात घ्या, प्लगकडच्या टोकात डोकावून बघा, मधे पितळेचा ठिपका दिसला तरच पैसे द्या. मी तर आता टोकाला पिन असलेली वेगळी नळीच घेणार आहे, तीनशे रुपये. ग्रुपवर टाकलंय, जोशीकाकांचा अंगठा अजून आलेला नाही. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलरही (रबरी पात्यांचं चाक) जूनच्या आत बदलायचाय, पाती सगळी एका बाजूला वळलेली आहेत. त्याचं किट आलं की कसं बसलं ते याच्याखालीच लिहीन.