मालिशवाल्या मावशींची सेवा: कशाचे पैसे द्यावेत, कशाला नाही म्हणावं

घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या मावशी पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळीकडे मिळतात. कोणी सव्वा महिन्यासाठी लावतं, कोणी तीन महिन्यांसाठी. आमचं मत आधीच सांगतो: जमत असेल तर ही सेवा घ्यावी, आणि बाळापेक्षाही बाळंतिणीसाठी घ्यावी. मात्र पैसे मावशींच्या हातांचे द्यावेत. त्यांच्या पिशवीतलं वेखंड, गुटी आणि कोळशाची शेगडी यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणावं. या कामातलं उत्तम आणि धोक्याचं एकाच तासात, एकमेकांना लागून घडतं. म्हणून प्रत्येक पायरी वेगळी करून बघायला हवी.

मावशी दोन वाटांनी मिळतात, ओळखीतून किंवा एजन्सीकडून. एजन्सी ‘व्हेरिफाइड’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी एवढंच झालेलं असतं. बाळ पायावर कसं धरतात, पाणी किती गरम घेतात, हे त्यात कोणी तपासत नाही. एजन्सीचा खरा फायदा एवढाच, की मावशी आजारी पडल्या तर बदली बाई मिळते. ओळखीतल्या मावशींचं काम मात्र दुसऱ्या घरी, त्या घरच्यांच्या परवानगीने, प्रत्यक्ष बघता येतं. आमच्या मते हा फायदा मोठा आहे. सातव्या महिन्यातच बोलून ठेवावं, कारण सकाळच्या वेळा लवकर भरतात. प्रसूतीची तारीख मागेपुढे होते, तेव्हा मावशी ज्या दिवशी कामाला येतील त्या दिवसापासून पगार, असं आधीच ठरवावं.

आता बाळाचं. पूर्ण दिवसांचं, अडीच किलोच्या पुढचं, नीट दूध ओढणारं बाळ असेल तर घरी आल्यावर हलकी मालीश सुरू करायला हरकत नसते. वजन कमी असेल किंवा बाळ लवकर जन्मलेलं असेल तर अंघोळ आणि मालीश कधी सुरू करायची हे बालरोगतज्ज्ञच सांगतील, मावशी नाहीत. पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसून घेणं पुरतं. नाळ बहुधा एक ते दोन आठवड्यांत पडते. तोवर तिच्यावर तेल, हळद, राख, पावडर काहीही नको. कोरडी राहिली की ती स्वतःहून सुकते.

मालीश दूध पाजल्यावर लगेच करू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, नाहीतर पालथं घालताच बाळ दूध काढतं. पंखा आणि एसी बंद, दारं-खिडक्या लोटलेल्या, खोली २६ ते २८ अंशांवर. मावशींनी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, नखं कापलेली असावीत. त्या सकाळी दोन-चार घरं करून आलेल्या असतात, म्हणून आम्ही या बाबतीत तडजोड करत नाही. खोकला, ताप किंवा हातावर पुळ्या असतील तर त्या दिवशी सुट्टी, आणि ती पगारी. पगार कापला तर मावशी आजार लपवून येतील आणि नुकसान बाळाचं होईल.

तेल खोबऱ्याचं, साधं, वासाची भर न घातलेलं. एका वेळेला एक-दोन छोटे चमचे, म्हणजे ५ ते १० मिली, खूप झालं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल टाळावं, दोन्ही बाळाच्या त्वचेच्या वरच्या संरक्षक थराला त्रास देतात. महागड्या बदाम तेलाने रंग उजळत नाही. डाळीचं पीठ, साय आणि हळद यांच्या गोळ्याने अंग घासून लव काढण्याची पद्धत तर पूर्ण बंद करावी. ती लव काही आठवड्यांत आपोआप झडते आणि घासल्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात, त्यातून जंतू शिरतात.

पायांपासून सुरुवात करून वर यावं: पाय, पोट, छाती, हात आणि शेवटी पाठ. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल हात फिरवावा, कारण मोठ्या आतड्याची दिशा तीच असते. जोर त्वचा किंचित सरकेल एवढाच हवा, कणीक मळल्यासारखा नाही. दहा ते पंधरा मिनिटं बास. बाळ तोंड फिरवू लागलं, अंग ताठ करू लागलं, रडू लागलं की थांबायचं. ‘रडलं की फुप्फुसं मोकळी होतात’ म्हणून रेटणाऱ्या मावशींना दुसऱ्या दिवशी बोलावू नये. आमच्या लेखी ही पहिली चाचणी, आणि तीत सूट नाही.

या सेवेवर आमची सगळ्यात मोठी तक्रार पाण्याबद्दल आहे. आपल्याकडे बाळाला कढत पाण्याने शेकून न्हाऊ घालायची हौस फार. त्यानंतर बाळ लालबुंद होऊन तीन-चार तास झोपतं आणि घरचे खूश होतात, पण ते थकून झोपलेलं असतं आणि त्या वेळात त्याचं पाजणं चुकतं. पाणी ३७-३८ अंशांचं हवं, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गरम ना गार वाटणारं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट क्रमाने घेतलं आणि मध्येच कोणी हाक मारली तर कढत पाण्याचा तांब्या बाळावर जातो. गिझर ६० अंशांवर लावलेला असेल तर त्याच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. अंघोळ चालू असताना बादलीत नळ सोडून ठेवू नये, प्रत्येक तांब्यात आधी स्वतःचा हात घालावा.

पायावर बाळ घेऊन न्हाऊ घालण्याची मावशींची बैठक मुळात चांगली आहे, पाठीला आणि मानेला आधार मिळतो. अडचण येते ती तेलाने निसरड्या झालेल्या अंगामुळे. म्हणून एक हात कायम बाळाच्या काखेत. पालथं असताना चेहऱ्यावरून पाणी वाहू देऊ नये. डोकं सगळ्यात शेवटी धुवावं आणि सगळ्यात आधी पुसावं, कारण ओल्या डोक्यातून उष्णता झपाट्याने जाते. पाणी अंगावर पाच मिनिटांहून जास्त नको. नंतर तळपाय चाचपावेत. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं. आणि रोजची अंघोळ सक्तीची नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चालते, बाकी दिवशी पुसून घ्यावं.

काही गोष्टी मात्र एकदाही होऊ देऊ नयेत. नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कानातही नको. काही बाळांच्या, मुलगा असो की मुलगी, छातीच्या गाठी फुगतात आणि थोडं दूधही येतं. तो आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि काही आठवड्यांत जातो. ते दूध ‘काढून टाकायला’ दाबलं की गळू होतो. मुलाच्या लघवीच्या जागेची त्वचा मागे ओढू नये, या वयात ती आतून चिकटलेलीच असते. पाय धरून उलटं लोंबकळवणं, पाय सरळ ओढून घट्ट बांधणं, हेही नको. घट्ट सरळ बांधलेल्या पायांमुळे खुब्याचा सांधा नीट बसत नाही. नाक ओढून सरळ होत नाही. टाळूवर हलकं तेल लावलं तर बिघडत नाही, पण ‘टाळू भरते’ ती तेलाने नाही. ती कवटीची हाडं वाढत गेल्याने साधारण दीड वर्षापर्यंत भरते. डाव्या दंडावर बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, पुळी येते, ती फुटतेही. तिला दाबू नये, काही लावू नये. दीड महिन्याच्या लसी झाल्यावर टोचलेली मांडी चोळू नये.

वेखंड चाटवल्याने बाळांना उलट्या होतात. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून जंतू जातात, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा द्यायचं नसतं. काजळात शिसं असू शकतं. कोवळ्या उन्हाने कावीळ उतरत नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर मालीश राहू द्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेक-शेगडीबद्दल थोडं कठोर बोलावं लागेल. बंद खोलीत बाजेखाली कोळसे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. ओवा-बाळंतशेपांच्या धुरीने बाळाच्या कोवळ्या श्वासनलिकांना त्रास होतो. बाळंतिणीला ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कंबरेला द्यावी, टाक्यांपासून लांब.

बाळंतिणीच्या मालिशीला आम्ही पूर्ण गुण देतो. रात्रभर पाजून आखडलेले खांदे, मान, कंबर यांना अर्धा तास मिळालेला हात आणि त्यानंतरची निवांत अंघोळ यांची बरोबरी कोणतंही औषध करत नाही. नैसर्गिक प्रसूती असेल तर बरं वाटू लागताच सुरू करता येतं. सिझेरियन असेल तर टाक्यांवर आणि पोटावर सहा आठवडे हात नको. आधी फक्त पाय, हात, खांदे, आणि पाठ कुशीवर झोपवून करावी. एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते असं दिसलं तर तिथे अजिबात चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाते. अशा वेळी सरळ रुग्णालयात जावं. दूध साठून छाती दाटली तर जोराने मळून गाठी मोडू नयेत, त्याने सूज वाढते. बाळाला भुकेप्रमाणे पाजत राहावं, मध्ये गार पट्टी ठेवावी. पोट सुती लुगड्याने हलकं बांधलं तर आधार वाटतो, पण आवळून बांधलं तर पोट आत जात नाही, उलट ओटीपोटाखालच्या स्नायूंवर दाब येतो.

दर गावागणिक आणि वेळेगणिक बदलतो, त्यामुळे आकड्यापेक्षा त्यात काय धरलंय ते विचारावं. बाळ आणि बाळंतीण दोघं की एकटं बाळ? दिवसातून एकदा की दोनदा? बाळाचे कपडे धुणं त्यात आहे का? महिन्याला सुट्ट्या किती? मधेच थांबवलं तर हिशेब कसा? पूर्ण पगार आगाऊ देऊ नये, पण महिन्याच्या तारखेला न मागता द्यावा. मावशी रोज पाय पसरून जमिनीवर बसतात, कंबर त्यांचीही भरून येते. बसायला पाट, टेकायला भिंत आणि कामानंतर चहा एवढी सोय घरच्यांनी करावी. काय नको ते सुनेच्या तोंडून सांगवू नये. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने पहिल्या दिवशी शांतपणे सांगितलं की ऐकलं जातं, वाद होत नाही. पहिला आठवडा अंघोळीच्या वेळी घरचं एक माणूस शेजारी बसलेलं असावं.

तीन महिन्यांच्या पुढे करार वाढवायची गरज सहसा नसते. चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ जोराने वळू लागतं आणि तेलकट पायांवरून घसरायचा धोका वाढतो. तोवर आई-बाबांनी मावशींच्या शेजारी बसून हात शिकून घ्यावा आणि अंघोळ तळाशी टॉवेल घातलेल्या टबात, बोटभर पाण्यात सुरू करावी.